चालत्या घरातली झोळी

बालमित्रांनो, आधी एक कोडं. चाकं आहेत पण मोटार नाही, चूल आहे पण स्वयंपाकघर नाही, बाळ गाढ झोपलंय पण खाट नाही. सांगा पाहू काय?

शिरूर-दौंडकडच्या मुलांनी उत्तर केव्हाच ओळखलं असेल. ऊसतोड कामगारांची टायरगाडी! घोड आणि भीमा या नद्यांमुळं नि कालव्यांमुळं या दोन तालुक्यांत ऊस फोफावला. दौंड तालुक्यात पाटसला, शिरूर तालुक्यात न्हावऱ्याला साखर कारखाने उभे राहिले. दिवाळीच्या सुमारास हंगाम सुरू झाला की बीड, अहिल्यानगरकडून टोळ्या येतात. गाडीत पत्र्याची पेटी, हंडे, पांघरुणं, एखादी कोंबडीसुद्धा! सारा संसारच चाकांवर.

परदेशात हौशी लोक मोठ्या व्हॅनमध्ये बिछाना, शेगडी, कपाट बसवून गावोगाव फिरतात. तिला म्हणतात कॅम्पर व्हॅन. जागा वाचावी म्हणून काहीजण तिच्यात झोपायला झोळी टांगतात. सकाळी गुंडाळली की जागा मोकळी. आहे की नाही युक्ती? पण आपल्याकडच्या आयांना ती कुणी शिकवावी लागली नाही. जुनं लुगडं घ्यायचं, दोन्ही टोकांना दोर बांधायचा नि गाडीच्या सावलीला किंवा बांधावरच्या बाभळीला झोळी टांगायची. खाली ढेकळं, मुंग्या, विंचवाची भीती. बाळ मात्र वर, सुरक्षित नि सावलीत.

आता यातलं शास्त्र बघू. झोळी ताणून बांधली की जास्त बळकट, असं पुष्कळांना वाटतं. खरं आहे उलटंच! समजा, झोळीत ६० किलोचा माणूस झोपला. दोन्हीकडचा दोर आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करत असेल, तर प्रत्येक टोकाला ६० किलोइतका ताण बसतो. दोर आणखी ताणून कोन १० अंशांवर आणला, तर तोच ताण सुमारे १७३ किलो होतो. माणूस तोच, पण ताण जवळजवळ तिप्पट! म्हणून झोळीला चांगला पोटाळा हवा. व्हॅनमध्ये आकडा नुसत्या पत्र्यात ठोकला तर पत्रा फाटून बाहेर येईल. तो गाडीच्या सांगाड्यातच पक्का बसवावा लागतो.

पटत नाही? मग करून बघा. दोरीच्या मधोमध पाण्यानं भरलेली एक लिटरची बाटली बांधा. दोन टोकं दोघांनी धरा नि दोरी अगदी सरळ होईपर्यंत ओढा. कितीही जोर लावा, मध्ये बाक राहणारच. हात भरून येतील तेव्हा ताण म्हणजे काय ते आपोआप कळेल.

झोळीचा प्रवास मोठा गमतीचा आहे. १४९२ साली कोलंबस अमेरिकेजवळच्या बेटांवर पोचला, तेव्हा तिथले लोक टांगत्या जाळ्यांमध्ये झोपत होते. त्यांचा 'हमाका' हा शब्दच पुढं इंग्रजीत 'हॅमॉक' झाला. युरोपातल्या खलाशांनी ही सोय उचलली. जहाज लाटांवर डावी-उजवीकडं कलंडतं, पण टांगलेली झोळी आपली खालीच लोंबते. त्यामुळं खलाशी बिछान्यावरून गडगडत नाही.

तीच झोळी चंद्रावरही गेली बरं का! जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ चे वीर चंद्रावर उतरले, तेव्हा त्यांच्या यानात झोपायला धड जागा नव्हती. म्हणून नोव्हेंबर १९६९ मध्ये अपोलो १२ च्या चांद्रयानात झोळ्या दिल्या. पीट कॉनराड आणि ॲलन बीन त्यांत झोपले. चंद्रावर आपलं वजन सहावा हिस्सा भरतं, त्यामुळं दोरांवरचा ताणही तेवढाच कमी!

मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. गाडी उभी असेल तेव्हाच झोळीत झोपायचं. चालत्या गाडीला ब्रेक लागला की गाडी थांबते, पण झोळी पुढं झेपावते. आतला माणूस समोरच्या लोखंडावर आदळू शकतो. लहान बाळाबाबत तर फार जपायला हवं. झोळीच्या बाकात हनुवटी छातीला टेकून किंवा कापड नाकावर येऊन श्वास कोंडू शकतो. बाळ कुशीवर वळायला, उठून बसायला लागलं की ते पडूही शकतं. म्हणून झोळीजवळ सतत कुणीतरी लागतं.

आणि इथंच खरी गोष्ट सुरू होते. ते 'कुणीतरी' कोण असतं?

आई-बाप पहाटेच कोयता घेऊन फडात उतरतात. दोघं मिळून 'एक कोयता' धरतात नि तोडलेल्या उसावर पैसे मिळतात. मग झोळीचा दोर येतो आठ-दहा वर्षांच्या ताईच्या हातात. ती झोका देते, माश्या हाकलते, पाणी आणते. तिची शाळा गावाकडं राहिलेली असते. चार-पाच महिन्यांनी परत जाईतो वर्गातली मुलं कितीतरी धडे पुढं गेलेली असतात. काहीजणी मग शाळेचं नावच घेत नाहीत.

यावर उपाय नाहीत असं नाही. कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा निघाल्या. गावाकडं राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं सुरू झाली. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. तो सांगतो, की ६ ते १४ वर्षांच्या मुलाला वर्षाच्या मध्येही शाळेत प्रवेश दिलाच पाहिजे, आणि तोही त्याच्या वयाच्या वर्गात. दाखला नाही म्हणून त्याला परत पाठवता येत नाही. धाकट्या भावंडांसाठी अंगणवाडी आहे. बाळ तिथं सांभाळलं गेलं तर ताईचे हात मोकळे होतात.

तेव्हा शिरूर-दौंडच्या मित्रांनो, यंदा तुमच्या गावाबाहेर कोप्या पडल्या की तिकडं एक चक्कर मारा. तुमच्या वयाची कुणी दिसली तर तिचं नाव विचारा नि आपल्या गुरुजींना किंवा बाईंना सांगा. ती कडेवर भाऊ घेऊन वर्गात आली तर हसू नका. बाकावर जरा सरकून बसा. दोघांना पुरेल एवढी जागा नक्की निघते.