पुरातून वर आलेलं लोखंड

२२ जुलै २०२१ला सावित्री आणि गांधारी नद्यांचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं. ते ओसरल्यावर रस्त्याकडेला भिजल्या संसाराचे ढीग लागले, त्यांत हत्यारंही होती. भंगाराच्या काट्यावर पाना आणि पत्रा सारखाच. माझा सहा इंची व्हाइस, जुनी माणसं ज्याला शेगडा म्हणतात, मी अशाच एका हातगाडीवरून उचलला. स्क्रू गच्च, आट्यांत चिखल वाळलेला.

महाड-पोलादपूरच्या माळ्यांवर अशी हत्यारं सापडतात ती चाकरमान्यांमुळे. इथली माणसं मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, रेल्वेच्या परळ वर्कशॉपात राबली. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तो लांबतच गेला. गावी परतलेल्या फिटरच्या ट्रंकेत कानशी, कॅलिपर आणि गुण्या असे. शेफिल्डचा ‘रेकॉर्ड’, शिप्लीचा ‘पार्किन्सन’ ही नावं व्हाइसच्या बिडात ओतलेली असतात. ‘पार्किन्सन’ची खटकी दाबली की अर्धा नट सुटतो आणि जबडा एका हातानं सरकतो. नंतर जालंधरचे व्हाइस आले, बाहकोच्या तंत्रसाह्यानं उभ्या राहिलेल्या नाशिकच्या टपारियाचे पाने आले.

संग्राहक या नावांमागे धावतात. मला मात्र सुताराची वाकस, दोरीनं फिरणारा सामता आणि लोहाराची सांडशी तितकीच मोलाची वाटते. त्यांच्यावर कुणाचंच नाव नसतं, म्हणून ती सगळ्यांत आधी भंगारात जातात.

गंज काढायला घाई नको. पुराच्या पाण्यापेक्षा गाळ वाईट, तो ओल धरून ठेवतो; म्हणून आधी ब्रश आणि साधं पाणी. गच्च स्क्रूवर रॉकेल सोडून चार दिवस थांबायचं. बीड ठिसूळ असतं. हातोडा घालून एक जबडा मी फोडलाय, त्याची हळहळ अजून आहे. मग प्लास्टिकच्या टबात पाणी, त्यात धुण्याचा सोडा. बारा व्होल्टच्या चार्जरची ऋण तार हत्याराला, धन तार भंगार लोखंडाच्या पट्टीला. ही पट्टी स्टेनलेसची कधीच नको, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. हायड्रोजन सुटतो, म्हणून टब उघड्या पडवीत. रात्रभरात गंज काळा, मऊ होऊन ब्रशनं निघतो. लहान कानशी-पटाशींना चिंचेचं पाणी पुरतं, पण दर तासाला बघावं लागतं, नाहीतर आम्ल धार खातं. धुतलं की लगेच सुकवून तेल. आमच्या हवेत अर्ध्या तासात तांबूस झाक येते.

त्यानंतर हात आवरायचा. आरशासारखं घासून, रंगाचा जाड थर देऊन उभी केलेली हत्यारं मला बघवत नाहीत. रंध्याच्या मुठीवर एका सुताराच्या अंगठ्यानं पाडलेला खळगा आहे. तिथं मी पॉलिशपेपर लावत नाही; फक्त अळशीचं तेल.

व्हाइसचा स्क्रू अकराव्या दिवशी सुटला. आता व्हाइस पहिल्या मजल्यावरच्या बाकावर बसवलाय, आणि मृगाआधी त्याच्या आट्यांत ग्रीस भरतो.