जुनी आलिशान गाडी घेताना

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

घाटकोपरला राहणारा माझा भाचा एका रविवारी सकाळी घाईघाईने घरी आला. हातात मोबाइल आणि मोबाइलवर एका पांढऱ्याशुभ्र गाडीचा फोटो. म्हणाला, “मामा, नव्या छोट्या गाडीच्या पैशात मर्सिडीज मिळतेय. अकरा वर्षांची आहे, पण नव्यासारखी ठेवलीय. टोकन देऊन ठेवू का?” मी विचारले, “पैसे कुठून आणणार?” तेव्हा तो जरा घुटमळला. “आई मुदत ठेव मोडायला तयार आहे,” म्हणाला.

माझे सारे आयुष्य मोटार विम्याचा सर्व्हेअर म्हणून गेले. आपटलेल्या, बुडालेल्या, जळालेल्या गाड्या पाहणे हाच माझा धंदा. त्यामुळे ताईची मुदत ठेव म्हटल्यावर मी सावध झालो. त्या दिवशी भाच्याला जे सांगितले, तेच आज आपल्याला सांगणार आहे.

अंधेरी-ओशिवऱ्याच्या लिंक रोडवर किंवा घाटकोपर-मुलुंडच्या एलबीएस मार्गावर जुन्या गाड्यांची दुकाने आपण पाहतोच. त्यांत मर्सिडीज सी क्लास, बीएमडब्ल्यू ३ सीरीज, ऑडी ए४ या गाड्या हमखास असतात. आलिशान गाड्यांच्या जिन्याची ही पहिली पायरी समजा. या गाड्यांची किंमत पहिल्या काही वर्षांत झपाट्याने उतरते. नवी घेणाऱ्याला दर चार-पाच वर्षांनी नवे मॉडेल हवे असते आणि जुनीला गिऱ्हाईक कमी. म्हणून चाळीस लाखांची गाडी दहा वर्षांनी दहा लाखांना दिसू लागते.

इथेच खरी गोम आहे. गाडीची किंमत पाव झाली, म्हणून तिच्या हेडलाइटची किंमत पाव होत नाही. गिअरबॉक्सची होत नाही, टायरची नाही आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरातल्या मजुरीचीही नाही. गाडी दहा लाखांची असते, पण तिचा खर्च चाळीस लाखांच्या गाडीचाच राहतो. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, ही म्हण जणू याच व्यवहारासाठी झाली आहे.

आपल्या पिढीच्या डोक्यात जुनी गाडी म्हटली की फियाट येते. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेली पद्मिनी कुठल्याही गल्लीतला मिस्त्री दुरुस्त करी. एक पाना, एक स्क्रू ड्रायव्हर आणि अनुभव एवढ्यावर भागत असे. शेवटी नोंदलेली पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. तिच्याबरोबर तो हिशेबही गेला, हे आपण मनाशी मान्य करायला हवे. आजच्या आलिशान गाडीत जागोजागी छोटे संगणक असतात. काही गाड्यांत साधी बॅटरी बदलली, तरी ते गाडीच्या संगणकाला कळवावे लागते. “पण मामा, या गाड्या आता आपल्याकडेच बनतात ना?” भाच्याने विचारले. खरे आहे. मर्सिडीज चाकणला जुळवली जाते, ऑडीची जुळणी छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला, बीएमडब्ल्यूची चेन्नईजवळ. पण जुळणी इथली असली तरी बरेचसे सुटे भाग बाहेरूनच येतात आणि त्यांचे मोल त्याच हिशेबाने द्यावे लागते.

म्हणून पहिला नियम असा. गाडीसाठी जेवढे पैसे जमवले असतील, त्यातले सगळे गाडीवर घालू नका. माझा ठोकताळा म्हणजे पाचवा हिस्सा बाजूला ठेवायचा. दहा लाख हाताशी असतील तर आठ लाखांपर्यंतचीच गाडी पाहायची. उरलेले दोन लाख दुरुस्तीचे, आणि ते पहिल्या वर्षातच लागतील असे समजून चालायचे. एवढे बाजूला ठेवता येत नसतील, तर ती गाडी आपल्याला परवडत नाही. मग नवी साधी गाडी घ्यावी आणि सुखाने झोपावे.

दुसरा मुद्दा पाण्याचा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतरचे कित्येक आठवडे मी चिखलाने भरलेल्या गाड्यांत वाकून पाहत होतो. तेव्हापासून एक गोष्ट कायमची कळली. बुडालेली गाडी धुऊन, वाळवून, अत्तर मारून पुन्हा विकता येते, पण तिच्या तारांमध्ये शिरलेले पाणी विसरत नाही. गंज हळूहळू चढतो आणि दोन वर्षांनी एअरबॅगचा दिवा लागतो, काचा वर जात नाहीत, गाडी भर रस्त्यात बंद पडते. २९ ऑगस्ट २०१७ सारखे दिवस त्यानंतरही आले. आपल्या उपनगरांत अंधेरी सबवे, मिलन सबवे दर पावसाळ्यात चर्चेत असतात. सोसायटीतल्या खड्ड्याच्या पार्किंगमध्येही पाणी भरते.

बुडालेली गाडी ओळखायची कशी? सीटचा पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढा. वरचा भाग धुतलेला असतो, पण आत गुंडाळलेल्या टोकावर चिखलाची रेघ राहते. पायाखालचा गालिचा उचलून हात फिरवा. सीट ज्या पट्ट्यांवर सरकते, त्यांचे स्क्रू पाहा. डिकीत स्टेपनी ठेवायच्या खोलगट जागेत गंज किंवा वाळू आहे का, ते पाहा. दिव्यांच्या काचेआड वाफ धरली आहे का, तेही पाहा. आणि गाडीत सुगंधाचा फार मारा असेल, तर हा वास कशासाठी लपवला आहे, असे मनात विचारा.

भाच्याची ती पांढरी गाडी आम्ही त्याच दुपारी पाहिली. पट्टा ओढला, तर शेवटच्या वीतभर भागावर तपकिरी रेघ होती. विकणारा म्हणाला, “चहा सांडला असेल, साहेब.” मागचे दोन्ही पट्टे ओढले. तिथेही तितक्याच उंचीवर तशीच रेघ. आम्ही हात जोडले आणि निघालो. भाचा हिरमुसला होता, पण टोकनचे पैसे खिशातच होते.

आता तिसरा मुद्दा, गाडी चालवून पाहण्याचा. दलाल गाडी आधीच गरम करून ठेवतात. आपण सकाळी, इंजिन थंड असताना जावे. चावी फिरवली की डॅशबोर्डवरचे सगळे इशारादिवे लागले पाहिजेत आणि मग विझले पाहिजेत. एअरबॅगचा दिवा मुळी लागलाच नाही, तर तो बल्ब काढून टाकलेला असू शकतो. धुराचा रंग पाहा. निळा धूर म्हणजे इंजिन तेल खाते. गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला, तर थंडाव्याचे पाणी आत गळत असण्याची शक्यता. तेलाच्या झाकणाखाली दुधासारखा साका दिसला तर त्या गाडीला नमस्कार करा.

नंतर गाडी खऱ्या रस्त्यावर घ्या. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या सिग्नलांवर थांबत-थांबत चालवा. ऑटोमॅटिक गिअर पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना हिसका देतो का, ते तिथेच कळते. आरे कॉलनीतल्या खड्ड्यांतून आणि गतिरोधकांवरून नेली की खालून येणारे आवाज ऐकू येतात. द्रुतगती मार्गावर स्टिअरिंग क्षणभर सैल धरून गाडी एका बाजूला ओढते का, ते पाहा.

टायरवर चार आकडे छापलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी सात-आठ वर्षांचा टायर बदलायचाच समजा आणि चारही टायरांचे पैसे किमतीतून वजा करून मागा. डिझेल गाडी असेल तर आणखी एक प्रश्न विचारा. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकाच्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी जाळी असते. ती साफ व्हायला गाडी अधूनमधून लांब आणि वेगात धावावी लागते. रोज अंधेरी ते गोरेगाव रांगत जाणाऱ्याने शक्यतो पेट्रोल गाडीच पाहावी.

एवढे करूनही आपल्या डोळ्यांना न दिसणारे पुष्कळ उरते. म्हणून त्याच कंपनीच्या गाड्यांवर काम केलेला मेकॅनिक पैसे देऊन सोबत न्यावा. तो संगणक जोडून गाडीच्या पोटात साठलेल्या चुका वाचतो. चासी नंबरवरून अधिकृत सर्व्हिस सेंटरातली जुनी नोंदही मागवा. मागच्या सर्व्हिसला किलोमीटर ऐंशी हजार आणि आज मीटरवर पंचावन्न हजार, अशी जादू तिथे उघडी पडते. विकणारा या तपासणीला नाही म्हणाला, तर आपणही गाडीला नाही म्हणावे.

आता कागदपत्रे. माणसे इथेच सर्वांत जास्त फसतात, कारण किल्ली हातात आली की व्यवहार झाला असे वाटते. मोटार वाहन कायद्यात मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंदणी तो. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका अपघाताच्या खटल्यात हेच स्पष्ट केले. गाडी पुढे हातोहात विकली गेली होती, पण नोंदणी पहिल्याच्याच नावावर होती. भरपाईची जबाबदारीही त्याचीच ठरली. म्हणजे विकणाऱ्यालाही नाव बदलण्याची तितकीच घाई हवी. त्यासाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३० लागतात. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. मुलुंड-घाटकोपरवाल्यांचे कार्यालय वडाळ्याला, म्हणजे एमएच ०३. अंधेरीचे एमएच ०२ आणि बोरिवलीचे एमएच ४७.

गाडीवर कर्ज होते का, हे आरसी बुकावर कळते. असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. थकलेले ई-चलन तपासा. नोंदणी १५ वर्षांची असते, त्यामुळे अकरा वर्षांच्या गाडीची चारच वर्षे उरलेली असतात आणि पुढे नूतनीकरणाचा खर्च येतो, हेही लक्षात घ्या.

दिल्ली पासिंगची गाडी स्वस्त दिसली तर कारण समजून घ्या. तिथे दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले. २०१५ मध्ये हरित लवादाने आदेश दिला, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. त्यामुळे तिकडच्या गाड्या इतर राज्यांत उतरू लागल्या. पण अशी गाडी महाराष्ट्रात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची, तर ना-हरकत, नवा नंबर आणि इथला कर हे सारे आलेच. तो कर धरून हिशेब केला की स्वस्ताई बरीचशी विरते.

विम्याचेही तसेच. गाडी आपल्या नावावर झाली की दुसऱ्याच्या नुकसानीचे संरक्षण आपल्याबरोबर येते, पण आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी नावावर करून घ्यावी लागते. हा अर्ज राहिला म्हणून लाखालाखाचे दावे फेटाळले गेलेले मी पाहिले आहेत. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस मात्र आपल्याला मिळत नाही, तो त्याच्याबरोबर जातो. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत तृतीय पक्ष विम्याचा वार्षिक हप्ता १००० सीसीपर्यंतच्या गाडीला २,०९४ रुपये, तर १५०० सीसीपेक्षा मोठ्या गाडीला ७,८९७ रुपये होता. गाडी जुनी झाली म्हणून हा आकडा उतरत नाही.

आणि शेवटी एक अगदी घरगुती गोष्ट. या गाड्यांची लांबी पावणेपाच मीटरच्या आसपास असते, आपल्या नेहमीच्या छोट्या गाडीपेक्षा जवळजवळ मीटरभर जास्त. बोरिवली-मुलुंडच्या जुन्या सोसायट्यांत खांबांमधली जागा आधी टेपने मोजा. गाडी दारात आल्यावर सेक्रेटरींशी वाद घालण्यात अर्थ नाही.

भाच्याचे पुढे काय झाले? चार महिन्यांनी मुलुंडला एक गाडी मिळाली. एकच मालक, सगळ्या सर्व्हिसच्या पावत्या आणि पट्ट्यांवर रेघ नाही. पहिलीपेक्षा दीड लाखाने महाग होती, म्हणून त्याने आणखी वर्षभर थांबून स्वतःचे पैसे साठवले. तोवर ती गाडी गेली. तशीच दुसरी त्याने घेतली. पहिल्या सहा महिन्यांत टायर, बॅटरी आणि पाण्याचा पंप असा खर्च निघाला. त्याचा फोन आला, तेव्हा मला वाटले कुरकुर ऐकावी लागणार. पण तो म्हणाला, “मामा, बाजूला ठेवलेल्यातूनच दिले. आईची ठेव जिथल्या तिथे आहे.”

मागच्या दिवाळीत ताई त्याच गाडीतून आमच्याकडे आली. मी सवयीने सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहिला. ताई हसून म्हणाली, “अरे दादा, आता तरी बस की!”