मार्च आणि मंगळ
समर्थ रामदासांचा जन्म जांब येथे शके १५३० च्या चैत्र शुद्ध नवमीस, म्हणजे इ. स. १६०८ मध्ये झाला. तेथील रामनवमी आजही चैत्रावरून ठरते. सरकारी हिशेब मात्र मार्चअखेरीस मिटतात. ‘मार्च’ हे नाव रोमन युद्धदेव मार्स याच्यावरून पडले. चैत्र हा जसा शालिवाहन शकाचा, तसा मार्च हा प्राचीन रोमन वर्षाचा आरंभमास होय. लॅटिनमध्ये मंगळ ग्रहासही मार्स म्हणत व त्याचा वार तोच आपला मंगळवार. एकाच ग्रहाशी निगडित अशी ही दोन नावे मराठीत भिन्न वाटांनी रूढ झाली. ‘मंगळवार’ शब्दात ग्रह सहज ओळखू येतो. इंग्रजीतून आलेल्या ‘मार्च’मध्ये देव लोपला आणि ‘मार्चअखेर’ ही मुदत तेवढी उरली.