मयताची बाजू

रहस्यकथेत सर्वांत कमी काम मयताला असतं. पहिल्या वीस पानांत मरायचं, पंचनाम्यापुरतं पडून राहायचं आणि मग पुस्तकातून निघून जायचं. त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही, करूही नये. बाबूराव अर्नाळकरांनी, म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण यांनी, हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यातल्या मृतांसाठी वाचक रडत बसला असता, तर झुंजार आणि काळापहाड यांच्या मागे धावणार कोण? गुरुनाथ नाईकांचा गोलंदाज किंवा सुहास शिरवळकरांचा बॅरिस्टर अमर विश्वास वाचतानाही मेलेला माणूस हा कथेचं दार उघडण्यापुरताच होता. दार उघडलं की वाचक आत.

अडचण सुरू होते ती सत्यकथेत. तिथला मयत लेखकाने जन्माला घातलेला नसतो. त्याला आई असते, भाड्याची खोली असते, कोणाकडून तरी घेतलेले उसने पैसे असतात. अलीकडच्या वाचनात कल्पित आणि खऱ्या गुन्ह्यांची पुस्तकं एकाआड एक हाती आली की हा फरक ठळक दिसू लागतो. मग खुनी कोण यापेक्षा, लेखकाने मेलेल्याचं काय केलं, याच मापाने पुस्तक जोखलं जातं. या मापाने काही नावाजलेली पुस्तकं कमी भरतात आणि काही अनपेक्षितपणे वर जातात.

कल्पित कथांपैकी या कसोटीला विलक्षण रीतीने उतरते ती केइगो हिगाशिनो यांची ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’. जपानीत ती २००५ साली आली, नाओकी पारितोषिकाची मानकरी ठरली आणि २०११मध्ये इंग्रजीत पोचली. सुजय घोष यांचा ‘जाने जाँ’ हा २०२३चा चित्रपट तिच्यावरच बेतलेला आहे. खून पहिल्याच प्रकरणात, वाचकाच्या डोळ्यांसमोर होतो. डबे विकणाऱ्या दुकानात काम करणारी यासुको आणि तिची मुलगी यांच्या हातून, पैशासाठी छळणारा माजी नवरा मरतो. शेजारचा गणिताचा शिक्षक इशिगामी दार ठोठावतो आणि पुढचं सगळं आपल्यावर सोपवायला सांगतो. खुनी माहीत, कारण माहीत, हत्यार माहीत. मग साडेतीनशे पानं लेखक वाचकाला कशाच्या जोरावर धरून ठेवतो?

शेवट फोडणं पाप आहे, म्हणून एवढंच सांगता येईल की पहिल्या प्रकरणात इशिगामी शाळेत जायला निघतो, तो रस्ता लक्ष देऊन वाचावा. वाचक तिथून घाईने पुढे जातो, कारण तिथे काही घडत नसतं. पुस्तक संपल्यावर मात्र त्याला त्या रस्त्यावर परत यावं लागतं. वाचकाने एका माणसाकडे पाहिलंच नव्हतं, हे शेवटी त्याच्या पदरात येतं आणि कोडं सुटल्याच्या आनंदात खडा लागतो. रहस्यकथेच्या साच्यात राहून त्या साच्यालाच जाब विचारणारी अशी कादंबरी दुर्मीळ. इशिगामीचं एकतर्फी प्रेम अनेकांना हेलावून टाकतं. पण त्या प्रेमाची किंमत कोणी चुकवली, हा प्रश्न चित्रपटापेक्षा पुस्तकात जास्त बोचतो.

मुंबईवरच्या इंग्रजी रहस्यकादंबऱ्यांना गेल्या काही वर्षांत चांगलाच बहर आला आहे. वसीम खान यांच्या ‘मिडनाइट अ‍ॅट मलाबार हाउस’मध्ये १९४९ सालच्या शेवटच्या रात्री एका इंग्रज अधिकाऱ्याचा खून होतो आणि तपास येतो पर्सिस वाडिया या महिला इन्स्पेक्टरकडे. सुजाता मॅसी यांची पर्वीन मिस्त्री १९२१च्या मुंबईत वकिली करते. तिच्यामागे कॉर्नेलिया सोराबजींची प्रेरणा आहे. दोघांचीही पुस्तकं एका बैठकीत वाचून होतात. इराणी हॉटेलांची आणि जुन्या इमारतींची वर्णनं मात्र काही वेळा परदेशी पाहुण्याला शहर फिरवून दाखवावं तशी येतात.

नेव्ह मार्च यांची ‘मर्डर इन ओल्ड बॉम्बे’ यांच्यापेक्षा वेगळी, कारण तिच्याखाली खरी घटना आहे. २५ एप्रिल १८९१ रोजी मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरवरून पडून दोन पारशी तरुणींचा मृत्यू झाला. त्यातल्या बच्चूबाई या पुढे गोदरेज उद्योग उभारणाऱ्या अर्देशिर गोदरेज यांच्या पत्नी. खटला गाजला, पण या मृत्यूंबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही. मार्च यांनी नावं बदलली, कथा १८९२मध्ये नेली आणि पुण्याच्या लष्करी इस्पितळात शेरलॉक होम्सच्या कथा वाचत पडलेल्या कॅप्टन जिम अग्निहोत्रीकडे तपास सोपवला. मध्यावर कथा मुंबई सोडून वायव्येकडे भरकटते आणि प्रेमप्रकरण जरा जास्तच पानं खातं. तरी टॉवरवरचे प्रसंग चोख उतरले आहेत. कोर्टाने जे दिलं नाही ते कादंबरी देऊ करते, आणि इथेच मन थोडं अडखळतं. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या दोन मुलींना असा गोड, गोळीबंद न्याय मिळाला की वाचकाला हायसं वाटतं, पण त्या दोघी कोण होत्या हे काही कळत नाही.

खऱ्या खुनातून कादंबरी निघणं हे नवीन नाही. केट समरस्केल यांचं २००८चं ‘द सस्पिशन्स ऑफ मिस्टर व्हिचर’ याच वाटेच्या उगमापाशी नेतं. १८६०मध्ये इंग्लंडमधल्या रोड गावच्या एका बंगल्यात सॅव्हिल केंट या तीन वर्षांच्या मुलाचा खून झाला. स्कॉटलंड यार्डच्या पहिल्या आठ गुप्तचरांपैकी एक, जॅक व्हिचर, तिथे पोचला आणि हरवलेल्या रात्रीच्या झग्यावरून त्याने मुलाच्या सोळा वर्षांच्या सावत्र बहिणीवर, कॉन्स्टन्सवर, बोट ठेवलं. मजुराच्या घरातून आलेला पोलीस खानदानी मुलीच्या कपड्यांची चौकशी करतो म्हणून देश त्याच्यावरच उलटला. १८६५मध्ये तिने स्वतः कबुली दिली, तोवर व्हिचरची कारकीर्द संपली होती. विल्की कॉलिन्स यांनी ‘द मूनस्टोन’मध्ये, १८६८ साली, डाग पडलेला झगा उचलला तो इथूनच. श्रीरंगपट्टणच्या लुटीतल्या हिऱ्याची ती कादंबरी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली. तिच्या तळाशी एक लहान मूल आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

ट्रुमन कपोटी यांच्या ‘इन कोल्ड ब्लड’बद्दल बोलताना आवाज आपोआप आदराचा होतो. तो आदर पुन्हा एकदा तपासायला हरकत नाही. १५ नोव्हेंबर १९५९च्या पहाटे कॅन्ससमधल्या होलकम गावी क्लटर कुटुंबातले चौघे मारले गेले. खुनी ज्या तिजोरीसाठी आले होते ती त्या घरात नव्हतीच. हाती लागले जेमतेम चाळीस-पन्नास डॉलर. पुस्तकाचा पहिला भाग आजही अप्रतिम वाटतो. शेजारच्या मुलीला चेरीचा पाय करायला शिकवणारी सोळा वर्षांची नॅन्सी त्या एका दिवसात इतकी जिवंत होते की पुढची पानं उलटवत नाहीत. मग मात्र लेखक पेरी स्मिथ या खुन्यात गुंतत जातो. त्याचं बालपण, त्याची चित्रं, त्याची गिटार. क्लटर कुटुंब मागे पडतं. एप्रिल १९६५मध्ये दोघा खुन्यांना फाशी झाली तेव्हाच कपोटींना आपल्या पुस्तकाचा शेवट मिळाला. आणि स्मशानभूमीत तपास अधिकाऱ्याची नॅन्सीच्या मैत्रिणीशी भेट होते तो शेवटचा प्रसंग, अक्षर न् अक्षर खरं असल्याची ग्वाही देणाऱ्या या पुस्तकात, चक्क रचलेला आहे! गद्य म्हणून पहिल्या रांगेत, सचोटीच्या बाबतीत दोन रांगा मागे.

याच्या नेमकं उलट टोक म्हणजे हॅली रुबेनहोल्ड यांचं ‘द फाइव्ह’. २०१९ साली याला बेली गिफर्ड पारितोषिक मिळालं. विषय लंडनचा जॅक द रिपर, साल १८८८. या माणसावर इतकं लिहिलं गेलं आहे की आणखी एक पुस्तक कशाला, असं वाटणं साहजिक आहे. रुबेनहोल्ड यांनी त्याला पुस्तकात जवळजवळ घेतलेलंच नाही. खुनांची वर्णनं नाहीत, संशयितांची यादी नाही. आहेत त्या पाच बाया: पॉली निकोल्स, अ‍ॅनी चॅपमन, एलिझाबेथ स्ट्राइड, केट एडोज आणि मेरी जेन केली. पॉली छपाई कामगाराची बायको, गरिबांसाठी बांधलेल्या नीटनेटक्या पीबॉडी इमारतीत संसार करणारी. अ‍ॅनीचा नवरा बड्यांच्या घरचा घोडागाडीवाला. स्ट्राइड स्वीडनमधल्या शेतकरी घरातून आलेली. पाचही जणी वेश्या होत्या असं सव्वाशे वर्षं छापलं गेलं. त्यातल्या तिघींबद्दल तसा पुरावाच नाही, हे लेखिका चौकशीचे कागद आणि गरीबखान्यांच्या नोंदी पुढे ठेवून दाखवते.

घराबाहेर पडलेल्या, दारूला लागलेल्या, रात्रीच्या निवाऱ्याचे चार पेनी नसलेल्या बाईचं एकेक पाऊल खाली कसं जातं, याचा असा हिशोब क्वचितच वाचायला मिळतो. शेवटी त्यांच्या अंगावर आणि खिशात सापडलेल्या वस्तूंच्या नोंदी येतात. पुस्तकात दोषही आहेत. कागद जिथे संपतात तिथे ‘तिला वाटलं असेल’, ‘ती गेली असावी’ अशी वाक्यं वाढतात, आणि मेरी जेन केलीचं प्रकरण तर अशा अंदाजांवरच उभं आहे. पण अंदाज कुठे सुरू होतो ते वाचकाला दिसतं. कपोटींच्या स्मशानात ते दिसत नाही.

आपल्याकडचा सर्वांत जास्त चघळला गेलेला खटला नानावटीचा. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातले कमांडर कावस नानावटी यांनी पत्नीच्या प्रियकराला, प्रेम आहुजाला, गोळ्या घातल्या. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं, उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली, १९६१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि पुढे राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली. मधुसूदन कालेलकरांच्या ‘अपराध मीच केला’पासून २०१६च्या ‘रुस्तम’पर्यंत नाटक-सिनेमावाल्यांनी या प्रकरणावर हात साफ करून घेतला. बाची करकरिया यांचं ‘इन हॉट ब्लड’, २०१७चं, या गर्दीत उठून दिसतं ते कोर्ट, नौदल, पारशी-सिंधी राजकारण आणि ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाची मोहीम हे सगळं त्यांनी एका पटावर मांडलं म्हणून. शैली फार खेळकर आहे. शब्दांच्या कोट्या काही वेळा अंगावर येतात. तरीही एक गोष्ट त्यातून स्पष्ट होते. त्या काळी मुंबईच्या रस्त्यांवर फेरीवाले ‘आहुजा टॉवेल’ विकत होते. पांढऱ्या गणवेशातला अधिकारी नायक ठरला आणि मयताचं लोकांच्या आठवणीत उरलं ते एवढंच, झटापट झाली असती तर सुटायला हवं होतं असं सरकार पक्ष म्हणत होता ते कमरेचं वस्त्र.

पुण्याकडे वळलं की हा प्रश्न आणखी जवळ येतो. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात शहरात दहा खून झाले. जक्कल, सुतार, जगताप आणि मुनव्वर शहा ही खुन्यांची चार नावं त्या पिढीतल्या कोणालाही आजही झोपेतून उठवून विचारावीत. २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात चौघांना फाशी झाली. मुनव्वर शहाने तुरुंगात लिहिलेलं ‘येस, आय अ‍ॅम गिल्टी’ तेव्हा हातोहात गेलं आणि अजूनही वाचलं जातं. कला महाविद्यालयातली मुलं, बाटलीपासून सुरू झालेली संगत, एका खुनानंतर दुसरा सोपा होत जाणं: यातलं तपशीलवार काहीही नाकारता येत नाही. लेखकाच्या पश्चात्तापावरही शंका घ्यायचं कारण नाही. पण त्या पश्चात्तापाच्या मध्यभागी तोच उभा आहे. मारलेली माणसं त्याच्या यातनेचं निमित्त म्हणून येतात.

त्या मारलेल्यांत काशिनाथशास्त्री अभ्यंकर होते. संस्कृत व्याकरणाच्या संज्ञांचा त्यांचा इंग्रजी कोश बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये १९६१ साली निघाला. पाणिनीचे अभ्यासक आजही तो उघडतात. वृद्ध पंडितासह घरातली पाच माणसं डिसेंबर १९७६च्या पहिल्या रात्री गेली. ‘जोशी-अभ्यंकर’ हे दोन शब्द मराठीत एका खटल्याचं नाव होऊन बसले आहेत, त्यातल्या अभ्यंकरांनी आयुष्यभर काय केलं हे त्या खटल्यावरचा मजकूर वाचून कळत नाही. रुबेनहोल्ड यांच्या पद्धतीने लिहिण्यासारखं पुस्तक इथे आहे, आणि त्याला लागणारे कागद लंडनच्या गरीबखान्यांपेक्षा जास्त हाताशी आहेत.

मानवतच्या १९७२ ते १९७४मधल्या खुनांचा तपास करणारे रमाकांत कुलकर्णी यांच्या ‘फूटप्रिंट्स ऑन द सँड्स ऑफ क्राइम’ या आठवणींचं मोल वेगळं. रामन राघवच्या तपासातही असलेल्या या अधिकाऱ्याचा सूर कोरडा, सरकारी आणि म्हणूनच विश्वासार्ह आहे. २०२४ची मालिका त्यावरूनच आली. गुप्तधन आणि अंधश्रद्धा यांच्यापायी गेलेल्या बाया आणि मुली तिथेही पार्श्वभूमीला राहतात, पण पोलीस अधिकाऱ्याने आपल्या कामाबद्दल लिहिलं तर त्याला दोष देता येत नाही.

सोनिया फलेरो यांचं ‘द गुड गर्ल्स’, २०२१चं, यंदाच्या वाचनातलं सर्वांत अस्वस्थ करणारं पुस्तक. मे २०१४मध्ये उत्तर प्रदेशात बदायूं जिल्ह्यातल्या कटरा सादतगंज गावी दोन चुलत बहिणी आंब्याच्या झाडाला लटकलेल्या सापडल्या. ते छायाचित्र जगभर फिरलं. सामूहिक बलात्कार आणि खून म्हणून देश पेटला. सीबीआयने काही महिन्यांनी आत्महत्येचा निष्कर्ष काढला. फलेरो वर्षानुवर्षं गावात जात राहिल्या. त्यांच्या लेखनात निकालाची घाई नाही. मोबाइलवर बोलणारी मुलगी म्हणजे घराण्याच्या अब्रूला धोका, पुढारी येईपर्यंत प्रेतं खाली उतरवायची नाहीत, शवविच्छेदनाला धड साधनं नाहीत, अशी एकेक वीट त्या रचत जातात. मुलींची नावं कायद्यामुळे बदललेली आहेत, तरी त्या कशा होत्या, कोणाला शाळेची ओढ होती, दोघींना गाव एकाच नावासारखं का हाक मारायचं, हे सगळं पुस्तकात आहे.

अविरूक सेन यांच्या ‘आरुषी’मध्ये तपासाची आणि गाझियाबादच्या कोर्टाची जी चिरफाड आहे तिला तोड नाही. एका उशीच्या अभ्र्यावरच्या रक्ताचा प्रयोगशाळेचा अहवाल टंकलेखनातली चूक म्हणून कसा बाजूला सारला गेला, तो भाग तर रहस्यकथेलाही जमणार नाही. मे २००८च्या त्या प्रकरणात मात्र मयत दोन होते. आरुषी आणि घरचा नोकर हेमराज. हेमराज पहिल्या दिवशी पोलिसांच्या लेखी फरारी खुनी होता. दुसऱ्या दिवशी गच्चीवर त्याचं प्रेत सापडलं. मुखपृष्ठावर नाव एकच आहे. पुस्तक २०१५चं, गाझियाबादच्या कोर्टाने दोषी ठरवलेल्या आरुषीच्या आईवडिलांना अलाहाबाद उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१७मध्ये निर्दोष सोडलं. त्यामुळे आता ते वाचायचं तर निकालपत्र शेजारी ठेवून वाचावं, आणि त्यात हेमराजबद्दलचे परिच्छेद आधी काढावेत.