डीपी, कोटेशन आणि विद्युत लोकपाल

विहिरीत पाणी आहे, मोटर जागेवर आहे, आल्याचं पीक भरात आहे आणि डीपी जळालेली आहे. साताऱ्याच्या कोरेगाव तालुक्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. वायरमन म्हणतो, वर कळवलंय; सबडिव्हिजनमध्ये सांगतात, ट्रान्सफॉर्मर शिल्लक नाही. चार घरचे शेतकरी वर्गणी काढून ट्रान्सफॉर्मर आणायला ट्रॅक्टरची सोय करतात. खरं तर ग्रामीण भागातला जळालेला ट्रान्सफॉर्मर ४८ तासांत बदलायचा, हे राज्य वीज नियामक आयोगाने ठरवून दिलेलं मानक आहे. पण मानक पाळलं नाही तर विचारायचं कुणाला?

राज्यात लोकायुक्त आहेत. १९७१च्या कायद्याने आणि १९७२पासून प्रत्यक्ष काम सुरू करून महाराष्ट्राने ही संस्था देशात सर्वांआधी उभी केली, याचा अभिमान वाटावाच. पण लोकायुक्त चौकशी करतात, शिफारस करतात. खात्याने ती मानली नाही तर राज्यपालांना विशेष अहवाल देतात आणि तो विधिमंडळासमोर ठेवला जातो. मुख्यमंत्र्यांना कक्षेत आणणारं नवं विधेयक डिसेंबर २०२२मध्ये विधानसभेत आणि डिसेंबर २०२३मध्ये परिषदेत मंजूर झालं. चर्चा होते ती याच मोठ्या लोकायुक्तांची.

त्यांच्या सावलीत विद्युत लोकपाल राहून जातात. वीज अधिनियम २००३च्या कलम ४२ने दोन पायऱ्या दिल्या. आधी ग्राहक तक्रार निवारण मंच, मग लोकपाल. मंचाकडे कारण घडल्यापासून दोन वर्षांत जायचं, मंचाचा निकाल पटला नाही तर ६० दिवसांत लोकपालांकडे. मंचात एक सदस्य महावितरणचा, म्हणजे वीज कंपनीचाच अधिकारी असतो, म्हणून दुसरी पायरी महत्त्वाची. लोकपालांची नेमणूक आयोग करतो, महावितरण नव्हे. आणि इथे शिफारस नसते, आदेश असतो, तो कंपनीवर बंधनकारक. १८०९मध्ये स्वीडनने संसदेच्या लोकपालाचं पद निर्माण केलं, तिथपासून जगभर या संस्थांचं बळ मुख्यतः चौकशीत आणि जाहीर ठपक्यात राहिलं आहे. आपल्या शेतकऱ्याच्या हाती त्याहून धारदार हत्यार आहे आणि त्याला ते कुणी सांगितलेलं नाही, याची मला चीड येते.

तक्रार टिकते ती कागदावर. वीजजोडणीचं कोटेशन भरल्याची पावती, अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का, डीपी जळाल्याच्या दिवशी केलेल्या तक्रारीचा नंबर, वापर नसताना आलेलं बिल. वायरमनला फोनवर सांगितलेलं कुठेच उमटत नाही. मंचासमोर कंपनी आपली नोंद दाखवते. ग्राहकाकडे तारखेचा कागद असेल तर त्याच नोंदीतला उशीर तिच्यावर उलटतो.

अंतराचा प्रश्न मात्र खराच आहे. सातारा महावितरणच्या बारामती परिमंडळात, सांगली कोल्हापूर परिमंडळात. दोन्हीकडच्या ग्राहकांचे लोकपाल मुंबईला वांद्रे-कुर्ला संकुलात. कोरोनानंतर व्हिडिओवरून सुनावण्या होऊ लागल्या, त्याने प्रवास वाचतो. पण मोबाइलची रेंज शोधत बांधावर उभं राहून बाजू मांडणं सोपं नाही. लोकपालांच्या आदेशावर अपील नाही, फक्त उच्च न्यायालयात रिट. कंपनीकडे त्यासाठी वकील असतात, शेतकऱ्याला तो शोधावा लागतो. निदान लोकपालांनी वर्षातून काही दिवस साताऱ्यात आणि सांगलीत बसावं, आणि कोरेगावच्या प्रत्येक सबडिव्हिजनच्या दारात, बिल भरण्याच्या खिडकीशेजारी, मंचाचा आणि लोकपालांचा पत्ता मुदतीसह ठळक मराठीत लावावा.