बरगड्या दिसतात, म्हणून कुत्रा उपाशी आहे काय?

सोलापूर-लातूरकडच्या किंवा सीमेपलीकडे मुधोळच्या बाजूच्या एखाद्या वस्तीवर गेलात, तर ज्वारीच्या बांधावर उंच, निमुळत्या तोंडाचा, लांब पायांचा एखादा कुत्रा उभा असलेला दिसेल. पोट पाठीला लागलेले, शेवटच्या दोन-तीन बरगड्या मोजून घ्याव्यात अशा! शहरातला पाहुणा हटकून विचारतो, “अहो, याला खायला घालता की नाही?” यजमान हसून म्हणतात, “पाव्हणं, कारवान हाय त्यो. ह्यांची जातच आशी.”

दोघांपैकी बरोबर कोण? पाहुण्याचे ऐकले तर धडधाकट कुत्र्याला दयेपोटी भाकरीवर भाकरी वाढली जाईल. यजमानांच्या उत्तरावर विसंबावे, तर जंतांनी किंवा गोचिडांमुळे होणाऱ्या तापाने खंगत चाललेला कुत्राही ‘जातच तशी’ या सबबीखाली तसाच राहून जाईल. खरी अडचण ही की, दोघेही केवळ डोळ्यांनी पाहत आहेत.

आधी या कुत्र्याची ठेवण समजून घेऊ. कारवान (मुधोळच्या घोरपडे राजांनी याच्या पैदाशीकडे लक्ष पुरवले, म्हणून याला मुधोळ हाउंड असेही म्हणतात) हा धावून सावज गाठणारा शिकारी कुत्रा. सशाची शिकार आज कायद्याने बंद आहे, पण शरीर अजून धावपटूचेच आहे. तो चौखूर धावू लागला की त्याचा कणा धनुष्यासारखा वाकतो आणि सुटतो. एका झेपेच्या आवर्तनात त्याचे चारही पाय दोन वेळा जमिनीवरून सुटलेले असतात. एकदा पाय पोटाखाली गोळा झाल्यावर आणि एकदा पुढे-मागे ताणले गेल्यावर. मोठ्या हृदयाला व फुफ्फुसांना जागा हवी म्हणून छाती खोल, आणि खोल छातीच्या मागे पोट साहजिकच वर ओढल्यासारखे दिसते. म्हणजे खपाटीचे पोट ही या जातीत भुकेची खूण नव्हे. उलट, अशा कुत्र्याचे पोट छातीच्या रेषेत सरळ आले, तर मात्र चरबी वाढली असे खुशाल समजावे.

मग पारख करायची कशी? हाताने. त्यासाठी आधी स्वतःच्याच हातावर एक गंमत करून पाहा. डाव्या हाताची मूठ घट्ट वळा आणि मुठीच्या उंचवट्यांवरून उजव्या हाताची बोटे फिरवा. हाडे टोचतात ना? कुत्र्याच्या बरगड्या सगळीकडे अशा लागल्या, तर तो फार रोड आहे. आता मूठ उघडून पंजा सरळ पसरा आणि मळहातावरून, म्हणजे तळहाताच्या मागच्या बाजूवरून, बोटे फिरवा. वर पातळ थर आहे, पण हाडे सहज कळतात. निरोगी कुत्र्याच्या बरगड्या अशा लागाव्यात. शेवटी पंजा उलटा करून तळहाताच्या बाजूने तीच हाडे चाचपा. दाबल्याशिवाय लागत नाहीत! बरगड्या अशा लागणारा कुत्रा लठ्ठ होय. दाट केसांच्या कुत्र्यात डोळे पूर्ण फसतात. हात फसत नाही.

याच कल्पनेवर आधारलेली १ ते ९ अंकांची मोजपट्टी डॉटी लाफ्लाम या अमेरिकन पशुवैद्य-संशोधिकेने १९९७ साली प्रसिद्ध केली. १ म्हणजे हाडांचा सापळा, ९ म्हणजे अतिलठ्ठ. ४ किंवा ५ उत्तम. कारवान, ग्रेहाउंड यांसारख्या जातींत शेवटच्या एक-दोन बरगड्या आणि कमरेच्या हाडांची टोके दिसली, तरी ते बहुधा वावगे नसते.

पण या पट्टीने मुख्यतः चरबी कळते. सडपातळ कुत्र्याच्या बाबतीत निर्णायक प्रश्न स्नायूंचा आहे, आणि नेमका तोच विचारायचे आपण विसरतो. कण्याच्या दोन्ही बाजूंना, खांद्याच्या चपट्या हाडावर आणि मागच्या मांड्यांवर हात फिरवा. धावपटू कुत्र्याच्या मांड्या दगडासारख्या घट्ट व भरदार असतात; कण्याच्या कडेने मांसाच्या दोन लांब पट्ट्या लागतात. तेथे खळगे पडले असतील, कण्याचे मणके करवतीच्या दातांसारखे लागत असतील, तर जात कोणतीही असो, काहीतरी बिघडले आहे. बरगड्या तशाच दिसणाऱ्या दोन कुत्र्यांपैकी एक तंदुरुस्त आणि दुसरा आजारी असू शकतो, तो फरक येथे सापडतो.

वजनकाट्याचा उपयोग नाही असे नाही, मात्र एकदाच केलेल्या वजनाला फारसा अर्थ नसतो. कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा, आणि वजाबाकी करा. समजा, ७२ किलोतून ४८ गेले. कुत्रा २४ किलोचा. दर महिन्याला वहीत नोंद ठेवा. खाणे आणि धावणे पूर्वीइतकेच असून दोन-अडीच किलो घटले, तर पशुवैद्याला दाखवावे. शेण तपासून जंत कळतात, रक्त तपासून बाकीचे बरेच काही.

पाहुण्याच्या दयेला मात्र एक उत्तर द्यायलाच हवे. अमेरिकेत ४८ लॅब्रेडॉर कुत्र्यांच्या जोड्या लावून, जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न जन्मभर दिले गेले. २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जास्त खाणाऱ्या गटातील निम्मे कुत्रे ११.२ वर्षांच्या आत मेले. कमी खाणाऱ्या गटात हाच टप्पा १३ वर्षांवर गेला. सांधेदुखीवर उपचार करण्याची वेळही त्यांच्यावर उशिरा आली. आणि ध्यानात घ्या, जास्त खाणारे काही अगडबंब नव्हते. वरच्या पट्टीवर त्यांचा सरासरी अंक सातच्या आतच होता. आपल्या गल्लीत ‘गुटगुटीत’ म्हणून ज्याचे कौतुक होते, तो कुत्रा बहुधा याच अंकाचा असतो.

हे सारे घरच्या किंवा चांगल्या ओळखीच्या कुत्र्यावरच करून पाहा, तेही त्याचा धनी जवळ असताना आणि तो जेवत नसताना. रस्त्यावरच्या अनोळखी कुत्र्याच्या बरगड्या मोजायला जाऊ नका. आणि चुकून दात लागलाच, तर जखम लगेच साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठा.