वीज वाहणारी खोट

जबलपूरचे कमानिया गेट हे १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेस अधिवेशनाचे स्मारक. त्याच्या परिसरातच सराफा आहे. सोन्यातील खोट हा तेथे जिव्हाळ्याचा विषय. परंतु चोख सोने इतके मऊ असते की, दागिन्याचा आकार टिकावा म्हणून त्यात तांबे किंवा चांदी मिसळावीच लागते. खोटीमुळे पदार्थाला नवा गुण लाभण्याचे याहून विलक्षण उदाहरण प्लॅस्टिकच्या कुळात आढळते.

विजेच्या तारेवर प्लॅस्टिकचे वेष्टन असते, कारण त्यातून वीज वाहत नाही. पण १९६७ मध्ये टोकियोत हिदेकी शिराकावा यांच्या प्रयोगशाळेत एका सहकाऱ्याच्या हातून उत्प्रेरक हजारपट अधिक पडला आणि नेहमीच्या काळ्या भुकटीऐवजी चांदीसारखा चकाकणारा पापुद्रा तयार झाला. हे पॉलिॲसिटिलीन. चकाकी धातूची, वाहकता मात्र नव्हे! १९७७ मध्ये शिराकावा, ॲलन मॅकडायर्मिड व ॲलन हीगर यांनी त्यावर आयोडीनच्या वाफेची क्रिया केली, तेव्हा त्याची वाहकता सुमारे एक कोटी पटीने वाढली. या शोधासाठी तिघांना २००० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या पदार्थाचा रेणू म्हणजे कार्बन अणूंची लांब साखळी. तीत एकेरी व दुहेरी बंध आळीपाळीने येतात. रांगेतील माणसांनी दोघादोघांच्या जोड्या जमवाव्यात, तसे हे अणू. सर्व जोड्या पक्क्या असतील, तर इलेक्ट्रॉन जागचे हलत नाहीत. समजा, दोन्ही टोकांकडून जोड्या जुळत आल्या आणि मध्ये एकजण एकटाच उरला. शेजाऱ्याने आपला जोडीदार सोडून त्याचा हात धरला, की तो जोडीदार एकटा पडतो. अशा रीतीने माणसे जागीच राहतात, एकटेपण तेवढे पुढे सरकते. साखळीतील या दोषास ‘सॉलिटॉन’ म्हणतात. प्रत्यक्षात तो एकाच अणूवर नसून अनेक अणूंवर पसरलेला असतो. एरवी त्यावर विद्युतभार नसतो. आयोडीन साखळीतून इलेक्ट्रॉन ओढून घेतो, तेव्हा असे दोष धनभारित होतात व वीज वाहू लागते.

दोष तितका उपकारक असे मात्र नाही. हवेतील ऑक्सिजन साखळीस चिकटला, की बंधांचा क्रमच तुटतो आणि वाहकता घटते. त्यामुळे पॉलिॲसिटिलीन तांब्याच्या तारेची जागा घेऊ शकले नाही. त्याच्याच कुळातील अधिक टिकाऊ पदार्थ मात्र छायाचित्रणाच्या फितीवर स्थिर विद्युत साचू नये म्हणून वापरले गेले.